शिट्टीची नोंद

प्रास्ताविक केल्याशिवाय त्याने कधी कुणाला गाणं ऐकवलं नाही. आपण म्हणावं, "लाव रे एखादं," की हा टेपच्या बटणावर बोट ठेवून बसायचा आणि बोलायला लागायचा. सुरुवातीला सतार आहे तिकडे लक्ष देऊ नका, तिच्याखाली एक बासरी आहे ती ऐका. दुसऱ्या कडव्याआधी गाणारी बाई श्वास घेते, तो पुसलेला नाही, मुद्दाम ठेवला आहे. शेवटी ठेका थांबतो तेव्हा लगेच बोलू नका. गाणं साडेतीन मिनिटांचं असेल तर हे सगळं सात मिनिटांचं. पुण्यात आम्हाला याची सवय असते. पाच माणसांचा कार्यक्रम असला तरी एक जण प्रास्ताविक करतो, दुसरा पाहुण्यांचा परिचय करून देतो, तिसरा आभार मानतो आणि उरलेले दोघे टाळ्या वाजवतात. म्हणून कंपनीच्या बसमध्ये मी त्याचं नाव ‘प्रास्ताविक’ ठेवलं आणि आठवड्याभरात सगळ्या बसने ते उचललं. त्याचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. ते लिहिण्याचा हक्क मी गमावला आहे. कसा, ते पुढे येईलच.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून तो बी.एस्सी. होऊन आला होता. धायरीत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर चौघांत एक खोली घेऊन राहायचा. मी सिंहगड रस्त्यावरचाच, जन्माने पुणेकर, त्याच्याहून सात वर्षांनी मोठा आणि त्याचा टीम लीडर. शहरात तेव्हा काचेच्या इमारती एकामागून एक उभ्या राहत होत्या आणि इंग्रजी बोलता येणारा कुणीही त्यातल्या एखादीत खपत होता. आमचं काम म्हणजे इंग्लंडमधल्या लोकांच्या प्रिंटरची गाऱ्हाणी फोनवर ऐकून घेणं. फोनवर त्याचं नाव पीटर होतं. हा यवतमाळचा पीटर दुपारी साडेबाराला हेडसेट चढवायचा आणि ज्यांचे कागद अडकले आहेत अशा साहेबांची समजूत काढत बसायचा. हेडसेट एकाच कानावर बसणारा होता. प्रास्ताविक दर तासाला कान बदलायचा. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "एकालाच काहून राबवायचं?"

धायरी फाट्यावरून बस पावणेअकराला सुटायची आणि अख्खं शहर ओलांडून विश्रांतवाडीच्या पुढे जायची. त्या सव्वा तासात त्याच्या वॉकमनच्या इअरफोनचं एक बोंडूक त्याच्या कानात आणि दुसरं शेजाऱ्याच्या. शेजारी बहुतेक मी असायचो. कामाच्या जागी तो मला ‘सर’ म्हणायचा, बसमध्ये ‘भाऊ’. बसमधून उतरून कार्ड दाखवून आत शिरेपर्यंत हा बदल आपोआप व्हायचा. मला त्याची गंमत वाटायची. मी त्याला म्हणायचो, "दाराजवळ कुठेतरी तुझा भाऊ रोज हरवतो, चौकशी कर." तो हसायचा. माझ्या बोलण्याला हसण्याचा त्याने जणू नेमच केला होता.

शास्त्राची सोपी पुस्तकं तो पेठेतल्या एका वाचनालयातून आणायचा आणि चार दिवसांत संपवायचा. त्यातून त्याला एक प्रश्न लागला होता, "पुरावा काय?" बसमध्ये कुणी म्हणालं की मोबाईलच्या टॉवरमुळे चिमण्या गेल्या, की मागच्या सीटवरून आवाज यायचा, "कुणी मोजल्या का? आधी किती होत्या, नोंद आहे का?" हे तो भांडायला म्हणून विचारायचा नाही, त्याला खरोखरच ती नोंद पाहायची असायची. एकदा मी वैतागून म्हणालो, "अरे, माझ्या अंगणात यायच्या, मला आठवतात." त्यावर त्याने फार शांतपणे सांगितलं, "आठवण आपल्या बाजूनं बोलते भाऊ. लिहून ठेवलं असलं, तारीख टाकून, तरच ते धरायचं." मी म्हटलं, उद्यापासून चिमण्यांसाठी हजेरीपट ठेवतो.

सिनेमा तो दोनदा पाहायचा. पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून आणि दुसऱ्यांदा मिटून. मी एकदाच त्याच्याबरोबर गेलो, तेही दुसऱ्या खेपेला. मध्यंतरापर्यंत हा खुर्चीत डोळे मिटून, हनुवटी जरा वर करून बसलेला. बॅटरीवाल्याने येऊन त्याच्या तोंडावर उजेड मारला आणि विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" त्याचं म्हणणं असं की नायिका घर सोडून जाते तेव्हा मागची खोली रिकामी झाल्याचं चित्रातून कळत नाही, आवाजातून कळतं. भरलेल्या खोलीची शांतता वेगळी आणि रिकाम्या खोलीची वेगळी. अवकाशयानांच्या सिनेमात स्फोटाचा धडाका झाला की मात्र त्याचा जीव कासावीस व्हायचा. "तिथं हवाच नाही, तर ऐकून कोण राहिलं?" असं तो इतक्या कळवळ्याने म्हणायचा, की जणू त्या यानात त्याच्या घरचं कुणी होतं.

त्याचे कान खरंच निराळे होते. जुने डबडे टीव्ही आठवत असतील, त्यांचा आवाज पूर्ण बंद केला तरी एक अगदी बारीक सूर ते धरून असत. लहान मुलांना तो ऐकू येतो, मोठ्यांना सहसा नाही. हा जिन्यातूनच सांगायचा, "खाली मालकांकडे टीव्ही चालू आहे, आवाज बंद आहे." त्याचे घरमालक मूळचे धायरीचेच शेतकरी. बरीच जमीन प्लॉटमध्ये गेली होती, बंगल्यामागे अर्धा एकर राखून त्यात ते हौसेने ज्वारी पेरत. ते मला एकदा म्हणाले, "सायेब, त्यो तुमचा पोरगा भिताडाला कान लावून बसल्याला आसतो. म्या इचारलं काय करतोस, तर म्हनला पाइपातलं पानी कंच्या मजल्याला चढतंय ते ऐकतोय. पोरगं गुनाचं हाय, पन आसलं हाय."

त्याला लिहायचंही होतं. गाणी, सिनेमे आणि शास्त्र या तिन्हींबद्दल तो वहीत लिहायचा. एकदा धायरीच्या सायबर कॅफेत बसून त्याने दहा पानांचा लेख टाइप केला आणि आमच्या चाळीस जणांच्या टीमला मेल केला. विषय होता, माणसाचा कान किती हळू आवाज ऐकू शकतो. दोन दिवस तो प्रत्येकाच्या तोंडाकडे आशेने बघत होता. कुणी काही बोलेना. शेवटी त्याने मला विचारलं, "भाऊ, फारच वाईट झाला का?" मी मेल उघडून दाखवला. तो मराठी फॉन्ट फक्त त्या कॅफेतल्या मशीनवर होता. आमच्या पडद्यावर दहा पानं नुसते चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं आणि इंग्रजी कंस. मी म्हणालो, "वाईट अजिबात नाही, पण जरा गूढ आहे." मग मीच सुचवलं की छापून पाण्याच्या मशीनशेजारी चिकटव. तिथे रांगेत उभं राहावंच लागायचं, लोक वाचायला लागले. त्या लेखातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. ‘अगदी हळू आवाजाने कानाचा पडदा हलतो तेव्हा तो एका अणूच्या जाडीहूनही कमी हलतो, आणि तेवढ्यावरून आपण आईचं पाऊल ओळखतो.’ हे वाचून आमच्यातली एक मुलगी पाण्याचा ग्लास हातात धरून तशीच उभी राहिली होती. तिच्याकडे लांबून बघताना प्रास्ताविकाचा चेहरा जेवढा खुलला, तेवढा मी नंतर कधी पाहिला नाही.

आता शिट्टीचं सांगतो. एक दिवस तो माझ्या टेबलापाशी आला. हात उजव्या कानावर होता. म्हणाला, "सर, हा हेडसेट बदलून द्या न. गिऱ्हाईकानं चुकून फॅक्सचं बटण दाबलं की यातून अशी शिट्टी येऊन राहिली की डोक्यात जाते. बाकीच्यांच्या हेडसेटात एवढी येत नाही, मी लावून पाहिले." माझ्याभोवती पाच-सहा जण होते. मी म्हणालो, "अरे, तुला बंद टीव्ही ऐकू येतो. तुझ्या कानांसाठी कंपनीने हळू बोलणारे इंग्रज मागवायचे का?" सगळे हसले. तोही हसला. तरी त्याने नादुरुस्त सामानाचा फॉर्म नीट भरून, तारीख घालून माझ्या हातात दिला. मी तो ड्रॉवरमध्ये टाकला.

का टाकला, तेही सांगून टाकतो. त्या तिमाहीत माझ्या टीमच्या नावावर सामानाची एकही तक्रार नव्हती. मॅनेजरची एक जागा रिकामी होणार होती आणि असल्या गोष्टी मोजल्या जात होत्या. फॉर्म पुढे पाठवला असता तर एक आकडा शून्याचा एक झाला असता, बाकी काही नाही. प्रास्ताविक पुढच्या दोन महिन्यांत आणखी दोनदा आला आणि दोन्ही वेळा मी काहीतरी टोमणा मारून त्याला परत पाठवला. टोमणे चांगले जमले होते, हे मला आजही आठवतं आणि लाज वाटते. तिसऱ्यानंतर तो आला नाही. मी मॅनेजर झालो.

त्याच सुमारास त्याच्या टेपमध्ये खरखर सुरू झाली. खरखरही नव्हे, तो त्याला ‘शर्र’ म्हणायचा. हळू भागात, बासरीच्या खाली, सतत शर्र. त्याने टेपचं हेड कापसाने आणि स्पिरिटने पुसलं. बारीक पेचकसाने हेडचा स्क्रू पावपाव फेरा फिरवून पाहिला. मग कॅसेटी ज्याच्याकडून भरून घेतल्या त्या दुकानदारावर संशय घेतला, मग धायरीच्या विजेवर, मग हवेतल्या दमटपणावर. बसमध्ये तो रोज नवा निष्कर्ष सांगायचा. पाण्याच्या मशीनशेजारी ‘चुंबकीय फितीतील शर्र आवाज : कारणे व उपाय’ असा लेखही लागला. मला तर काही शर्र ऐकू येत नव्हतं. पण त्याला ऐकू येणारं मला कधीच येत नसे, त्यामुळे मी मान हलवायचो. मधूनमधून तो म्हणायचा, "भाऊ, जरा आवाज वाढवतो, म्हणजे शर्र दबते."

शेवटी त्याच्या मावसभावाने दुबईहून सीडी प्लेअर आणला आणि एका रविवारी सकाळी त्याने मला खोलीवर बोलावलं. बाकीचे तिघे गावी गेले होते. सीडीमध्ये फीत नाही, घासणं नाही, म्हणून शर्र असूच शकत नाही, हे प्रास्ताविक झालं. मग म्हणाला की गाणं नंतर, गाण्याच्या आधी दोन सेकंद निव्वळ शांतता आहे, मी तुम्हाला ती ऐकवायला बोलावलं आहे. त्याने हेडफोन माझ्या कानांवर स्वतः बसवला, बटण दाबलं आणि बोट उचलून माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मी ऐकलं. म्हणालो, "झकास. काही म्हणजे काही नाही."

मग त्याने हेडफोन आपल्या कानांना लावला. दोन सेकंद ऐकलं, बटण दाबून मागे नेलं, पुन्हा ऐकलं. असं चार-पाचदा झालं. "तुम्हाला शर्र येत नाही?" "नाही रे." त्याने हेडफोन काढला. प्लेअर बंद केला. मग वायर भिंतीतून उपटली. मग उठून पंखा बंद केला आणि पंखा पूर्ण थांबेपर्यंत त्याच्याकडे पाहत उभा राहिला. खाली मालकांची पोरं टीव्ही पाहत होती. जिन्याने येताना मला तो दारातून दिसला होता, आवाज बंद होता. त्याबद्दल हा काही बोलला नाही. कॉटवर बसला, दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबले आणि मला म्हणाला, "अजून येऊन राहिली." आधी मला कळलंच नाही. मग कळलं, आणि मी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि देवाच्या दयेने त्या दिवशी मला सुचला नाही.

डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो. बंद पेटीत बसवून त्याचे कान तपासले. आलेखावरची रेघ उजवीकडे खाली खाली गेलेली. कानाच्या आतल्या केसांसारख्या पेशी मेल्या आहेत, बारीक सूर आधी जातात, गेलेलं परत येत नाही आणि आणखी जाऊ नये एवढंच आपण बघायचं, असं डॉक्टर म्हणाले. त्याला हे सगळं आधीच माहीत होतं, वाचलेलं होतं. बाहेर आल्यावर रिक्षाच्या आवाजात तो मला मोठ्याने समजावून सांगत होता, "कोंबडीच्या कानात या पेशी परत येतात भाऊ. पक्ष्यांच्या येतात. माणसाच्याच येत नाहीत." आणि थोड्या वेळाने, "बासरी गेली. बाई श्वास घेते तो गेला. शब्द राहिलेत. शब्दांसाठी कोण ऐकत होतं?"

आठवड्याने तो कामावर माझ्या केबिनमध्ये आला. दार लावून घेतलं. "सर, डॉक्टर विचारून राहिले, कामावर एकदम मोठा आवाज कधी झाला का. मी म्हटलं, शिट्टी व्हायची. ते म्हणाले, तारखा आणा. मी फॉर्म भरला होता न, एक तर नक्की. त्याची नोंद असेल?"

मला फॉर्म कुठे आहे ते माहीत होतं. जुन्या टेबलातल्या कागदांबरोबर तो केबिनमधल्या ड्रॉवरमध्ये आला होता, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. मला हेही ठाऊक होतं की हा पोरगा कंपनीला कोर्टात खेचायला आलेला नाही. त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं की कान त्याच्या पोटापाण्याने खाल्ले, की ज्या एका गोष्टीसाठी तो जगत होता तिने खाल्ले. मी कॉम्प्युटरवर उगीच दोन-चार बटणं दाबली. म्हणालो, "नाही रे, काही नोंद दिसत नाही. आणि शिट्टीचं म्हणशील तर मला तरी नीट आठवत नाही."

तो वाद घालेल असं मला वाटलं होतं. किमान चिडेल असं वाटलं होतं. तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून विचार करत उभा राहिला. मग म्हणाला, "नोंद नाही म्हणजे मला उगीच वाटून राहिलं असेल सर. माणूस दुसऱ्यावर ढकलायला बघतो. हेडफोन मी मोठा ठेवायचो, हे तर खरंच आहे." आणि मला त्रास दिल्याबद्दल माफी मागून, दार हळूच लावून तो गेला. दार वाजू नये म्हणून त्याने कडी धरून ठेवली होती. त्या संध्याकाळी मी फॉर्म फाडला. चार तुकडे करून दोन वेगवेगळ्या टोपल्यांत टाकले, इतका मी हुशार होतो.

पुढे त्याला फोनवरची माणसं नीट ऐकू येईनाशी झाली. त्याचं "बेग युअर पार्डन" ऐकून ऐकून गिऱ्हाइकं वैतागायला लागली. त्याने राजीनामा दिला आणि मीच त्यावर सही केली. जायच्या आधी त्याने शेवटचा लेख लिहून पाण्याच्या मशीनशेजारी लावला. ‘जपून ऐका.’ कान कसे असतात, कसे मरतात आणि आपण स्वतः वॉकमन मोठा लावून ते कसे मारले, हे त्याने इतकं साधं आणि स्वच्छ लिहिलं होतं की मला ते उभ्याने पुरतं वाचवलं नाही. एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘यात माझ्याशिवाय कुणाचाही दोष नाही, हे मी तपासून पाहिले आहे.’

निघायच्या दिवशी दुपारी मी धायरीला गेलो. सामान बांधून झालं होतं. तो मला बंगल्यामागच्या ज्वारीकडे घेऊन गेला. कणसं भरली होती आणि शेतावर आडव्या-उभ्या फिती ताणल्या होत्या, उन्हात चकाकणाऱ्या. त्याच्या कॅसेटी. पाखरं उडवायला कॅसेटची फीत बांधतात, हे मला माहीत होतं. मालकांना त्यानेच खोका देऊन टाकला होता. मालक बांधावरून म्हणाले, "चांगली चीज हाय बरं का सायेब, वारं आलं की पाखरू फिरकत न्हाय." वाऱ्याने फिती थरथरत होत्या आणि त्यांच्यातून एक अगदी बारीक सूं सूं सूर निघत होता, वर-खाली होणारा. प्रास्ताविक फितीकडे पाहत होता. "वाजते का भाऊ? वाजायला पाहिजे. ताण आहे, वारा आहे." मी म्हणालो, वाजते. "कशी?" आयुष्यभर दुसऱ्यांना काय ऐका ते सांगणाऱ्या माणसाला मी काय सांगणार होतो? मी म्हणालो, "छान वाजते," आणि त्याने मान हलवली. त्या शेतात मी खरं सांगितलं असतं तर त्याच्या कॅसेटी परत आल्या नसत्या. पण त्याने त्या शिक्षा म्हणून देऊन टाकल्या होत्या, आणि ती शिक्षा कुणाची होती ते मला माहीत होतं. मी त्याची बॅग उचलून रिक्षात ठेवली.

एचआरच्या बाईंना तो लेख फार आवडला. त्यांनी तो मोठ्या अक्षरांत छापून, चौकट करून, हेडसेट टांगलेले असायचे त्या भिंतीवर लावला. नव्या पोरांना पहिल्या दिवशी तो वाचायला देत. कंपनीला आपल्या माणसांच्या आरोग्याची किती काळजी आहे, हे पाहुण्यांना दाखवायलाही तो उपयोगी पडायचा. मी तिथे आणखी चार वर्षं होतो आणि रोज त्या भिंतीसमोरून जायचो. मी दुसरीकडे बघत जायचो, हे सांगायला नको.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं आहे. शिट्टी पाच-सात वेळाच झाली असेल. वॉकमन तो मोठा ठेवायचाच. दोन्ही कान सारखेच गेले आणि हेडसेट तर एकाच कानाला होता, असं मी एकदा बायकोला पटवून दिलं. दर तासाला तो कान बदलायचा, हे मी तिला सांगितलं नाही. कान नेमके कशाने गेले ते मला आजही माहीत नाही. डॉक्टरांनाही ते ठरवता आलं नसतं कदाचित. पण त्याला ते न कळण्याचा तरी हक्क होता, आणि मी त्याला कळल्याचं समाधान दिलं, खोटं.

गेल्या वर्षी जुन्या बसमधल्या एकाकडून त्याचा नंबर मिळाला. गावात झेरॉक्सचं दुकान टाकलं आहे, लग्न झालं आहे, असं कळलं. आठ दिवस मी काय बोलायचं ते जुळवत होतो. एका सकाळी दार लावून फोन केला. बाईंनी उचलला. मी नाव सांगितलं, पुण्याची कंपनी सांगितली.

"हाव, सर न? तुमचं नाव घेतात ते," बाई म्हणाल्या. "पण त्यांना फोनवर काहीच ऐकू येत नाही आता. तुम्ही मला सांगा, मी वहीत लिहून त्यांना दाखवते. इथेच बसून राहिले ते. सांगा, पेन आहे हातात."

मी सगळं पाठ केलं होतं. पहिलं वाक्य होतं, ‘तुझा फॉर्म माझ्याकडे होता.’ पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "सांगा न सर," बाई पुन्हा म्हणाल्या.

"विशेष काही नाही," मी म्हणालो. "सहज आठवण आली म्हणून फोन केला, एवढं लिहा."

त्या लिहीत होत्या तेवढा वेळ मी थांबलो. मग मागून त्याचा आवाज आला, खूप मोठा, आपला आवाज किती मोठा आहे ते न कळणाऱ्या माणसाचा. मला शब्द लागले नाहीत. बाई हसून म्हणाल्या, "ते म्हणून राहिले, सरांना सांग, गाणी ऐकाल तर हळू आवाजात ऐकत जा."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.